डाव्या पायाचा गुण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोकं आधी यायचं ते राहिलं बाजूला, माझे पाय आधी आले. यात माझं कर्तृत्व काही नाही. हाल झाले ते आईचे, दीड दिवस. पण गेली त्रेपन्न वर्षं लोक माझ्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत आले आहेत, आणि खरं सांगायचं तर आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

आमच्या खानदेशात पायाळू माणसाबद्दल ठाम समजुती आहेत. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं. पुरलेलं धन दिसतं. ढग गडगडले की वीज त्यालाच शोधत येते. आणि पाठीत उसण भरलेल्या माणसाला त्याने सकाळी अनशेपोटी डाव्या पायाचा अंगठा तीनदा टेकवला की उसण पळते. पहिल्या तीन कामांसाठी लोक वर्षातून एखाद्या वेळी गाठतात. चौथ्यासाठी सुट्टी नसते.

मी धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. मागच्याच आठवड्यात प्रार्थनेच्या आधी शाळेतल्या शिपाई मावशी माझ्यासमोर कंबर धरून उभ्या राहिल्या. "मॅडम, तुम्ही पायाळू शेतस ना? मनी पाठ बठ्ठी धरायनी शे. जरासा पाय लावा ना." मी म्हटलं, "मावशी, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, दोन दिवस बादल्या उचलू नका." त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथेच प्रयोगशाळेच्या दारात पालथ्या झाल्या. मुलं रांगेने आत यायची होती. मी चप्पल काढली, अंगठा टेकवला, एक, दोन, तीन. त्या उठल्या, "मोकळं वाटनं" म्हणाल्या आणि गेल्या. मग मी आत जाऊन सहावीला ज्ञानेंद्रियं शिकवली.

आमच्या स्टाफरूममध्ये अतींद्रिय शक्ती नसलेली बाई सापडणं कठीण आहे. एकीच्या सासूबाई मेल्यानंतर स्वप्नात येऊन कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगून गेल्या. एकीला फोन वाजायच्या आधी कुणाचा आहे ते कळतं. नेटवर्क नसलं की मात्र कळत नाही. भूगोलाच्या बाईंचा डावा डोळा लवला की बदलीची यादी लागते म्हणे. मी या सगळ्यांवर हसते, आणि त्या माझ्यावर हसतात, कारण त्यांच्या मते सगळ्यात मोठी शक्ती माझ्याजवळ आहे आणि मी ती शेंगदाण्याच्या टरफलासारखी फेकून देते.

याचा एवढा बोभाटा झाला तो शिंदखेड्यामुळे. आमच्या एका सहकाऱ्याचं तिकडे शेत आहे. बोअर घ्यायची होती. "मॅडम, फक्त एकदा अनवाणी चालून जा, बाकी आमचं आम्ही बघतो," असं ते महिनाभर म्हणत राहिले. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जन्मापासूनचा दुसरा दोष. भर मे महिन्यात त्या तापलेल्या रानात मी अनवाणी चालले. मागून त्यांचे वडील, भाऊ, भावाची बायको, असे सगळे गपचूप. बांधापासून चाळीसएक पावलांवर माझ्या पायात बाभळीचा काटा गेला. मी थांबले, वाकले, काटा काढायला लागले. मागून आवाज आला, "चुन्याने खूण करा रे!" मी सांगितलं, काटा आहे. दाखवला. कुणी बघितला नाही. आणि तिथे पाणी लागलं. अडीच इंची, धो धो. त्या दिवसापासून मी संपले. "पाणी लागलं का?" हा माझ्या सासरी आणि शाळेत माझ्या नमस्काराच्या जागी वापरायचा शब्द झाला आहे.

हसून झालं. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. माझ्या तळपायाला आयुष्यात एकदाच खरोखर काही कळलं होतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ते मी फक्त एका माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने ऐकलं नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो, आणि आबा आता ब्याऐंशीचे आहेत. ते बोलल्याशिवाय गेले तर काय, एवढी एकच भीती मला गेली काही वर्षं होती.

आबा भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात होते. आम्ही तिथल्या कॉलनीत राहायचो. आमचं घर बौद्ध. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून, फ्रेम करून लावल्या होत्या. घरात नजर काढणं नाही, अंगारा नाही, शकुन-अपशकुन नाही. मांजर आडवं गेलं तर आबा मुद्दाम दोन पावलं जोरात टाकायचे. आणि अशा माणसाच्या पोटी पायाळू मुलगी. दवाखान्यातल्या नर्सने आईला सांगितलं, आईने शेजारणीला, आणि आबा शिफ्ट संपवून घरी येईपर्यंत अख्ख्या कॉलनीला खबर होती.

मी चालायला लागले तशा बायका यायला लागल्या. मागच्या दाराने. पाठ, कंबर, मान, जे धरलं असेल ते घेऊन. आमच्या मागच्या दाराला दगडी उंबरा होता. बाईने त्यावर पालथं पडायचं, तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे, पाय बाहेर. आईने माझा पाय धुवायचा. मी अंगठा टेकवायचा. आबांना फर्स्ट शिफ्ट असेल त्याच आठवड्यात हे चालायचं. कॉलनीतल्या बायकांना आपापल्या नवऱ्याच्या शिफ्टपेक्षा आबांची शिफ्ट जास्त पाठ होती.

आई हे का चालू देत होती, हे मला फार उशिरा कळलं. ती काही भोळी नव्हती. प्रतिज्ञा तिलाही पाठ होत्या. पण याच बायका हळदीकुंकवाला आमचं दार सोडून पुढे जायच्या. कधी आल्याच तर चहाचा कप हातात घेऊन दोनदा बघायच्या आणि "आत्ताच घेतला वहिनी" म्हणून तसाच ठेवायच्या. त्याच बायका आमच्या उंबऱ्यावर तोंड टेकून पडायच्या, आणि माझी आई पदर खोचून त्यांच्या डोक्याशी उभी असायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी एक शांत समाधान असायचं. मी मोठी झाल्यावर तिला त्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुले काय समजनार." आणि विषय बदलला.

अक्का तशा नव्हत्या. त्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. माहेर आणि सासर दोन्ही मुक्ताईनगरकडचं, केळीवाल्या शेतकऱ्यांचं. नवरा आबांच्याच केंद्रात. अक्का आमच्याकडे चहा प्यायच्या, बशीत ओतून, फुर्र आवाज करत, आणि वर दुसऱ्यांदा मागून घ्यायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी वेणी त्या घालायच्या, आईपेक्षा घट्ट.

मी सातवीतून आठवीत गेले त्या उन्हाळ्यात अक्कांची पाठ धरली. त्या आल्या, पडल्या, मी पाय लावला. बरं वाटलं म्हणाल्या. आठ दिवसांनी परत आल्या. मग चार दिवसांनी. "ये वं पोरी, ठेव पाय. रातभर डोयाले डोया नाही लागला." मी पाय ठेवला की त्या डोळे मिटून मोठा श्वास सोडायच्या. "तुया पायात गुन हाये वं. मले समजते." पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी त्या येतच होत्या. वाळल्याही होत्या. संध्याकाळी अंग मोडून येतं म्हणायच्या. आई म्हणायची, दवाखान्यात दाखवा. अक्का म्हणायच्या, "उसनीले दवाखाना कायले? घरात पायाऊ असतांना?" आमच्या घराला त्या घरच म्हणायच्या.

एका सकाळी मी अंगठा टेकवला तो नेहमीच्या जागी नाही, जरा वर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. आणि मला काहीतरी लागलं. टणक. सुपारीएवढं. गव्हात बोटं फिरवताना खडा लागतो तसं. मी पुन्हा टेकवला. तिथेच. ब्लाउजच्या आतून जागा गरमही वाटली. मी घाबरले. अक्का म्हणाल्या, "काय झालं वं? तीनदा झालं ना?" मी हो म्हटलं आणि पाय काढला.

दिवसभर मला ते अंगठ्याखाली जाणवत राहिलं. आईला सांगायचं नव्हतं. आई म्हणाली असती, बघ, शक्ती आहे ती, आता आणखी आठ बायका येतील. म्हणून मी आबांना सांगायचं ठरवलं. आबा खरं बोलणाऱ्याचं ऐकतात, हे मला माहीत होतं. ते आले, हातपाय धुतले, खुर्चीत बसले. मी समोर जाऊन म्हटलं, "आबा, अक्कांच्या पाठीत काहीतरी आहे. माझ्या पायाला लागलं."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "पायाला लागलं?"

"हो. टणक आहे. आणि गरम."

"म्हणजे अजून येतात बायका?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आबांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "पायाला कळतं म्हणे! हे कुणी शिकवलं तुला बोलायला? अगं, ते लोक आपल्याकडे लाथ मागायला येतात, पाणी मागायला येतात का? त्यांना तुझा पाय पाहिजे, तू नको आहेस. आजपासून हे बंद. आणि पायाला कळलं नि दिसलं, असलं पुन्हा या घरात माझ्या कानावर यायला नको."

मी म्हटलं, "पण अक्का?"

"अक्कांना दुखत असेल तर डॉक्टर आहेत," आबा म्हणाले.

ते बरोबरच बोलले. फक्त ते अक्कांना कुणी सांगितलं नाही. आईने दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी हळू आवाजात एवढंच सांगितलं, की आता आबा नको म्हणतात. अक्का रागावल्या नाहीत. "असू दे वं. मी गावाले जाऊन येते. तठी हाये एक पायाऊ म्हातारा." जाताना त्यांनी माझी वेणी ओढली. मी दाराआड उभी होते. मी सांगू शकले असते: अक्का, तुमच्या पाठीत गाठ आहे, तिला हात लावून बघा. एवढंच वाक्य होतं. पण मला वाटलं, पायाला कळलेलं ते खोटंच. आबा म्हणाले म्हणजे तसं काही नसतंच. मी तर शहाणी मुलगी होते, वर्गात पहिली यायचे.

अडीच महिन्यांनी अक्कांना गावाहून जीपमध्ये आडवं घालून जळगावला नेलं. पायातली ताकद गेली होती. मणक्याचा टीबी निघाला. तो बरा झाला, औषधं लागू पडली. पाय परत आले नाहीत. त्यांचा नवरा आमच्या व्हरांड्यात बसून आबांना सांगत होता, आणि मी आत भूगोलाची वही उघडी ठेवून ऐकत होते. "डॉक्टर म्हनले, गाठ हाताले लागते इतकी मोठी हाये. घरात कोनाच्याच ध्यानात कशी नाही आली?" आबा काही बोलले नाहीत. मग अक्कांचा नवरा उठून गेला. आबांचा चहा तसाच राहिला होता, वर साय धरलेली. मी तो उचलायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी आई मला अक्कांच्या गावी घेऊन गेली. ओसरीवर खाट, खाटेवर अक्का. अंगाने भरल्या होत्या, तोंडावर तकाकी होती. केळं सोलून माझ्या हातात दिलं. मग हसत म्हणाल्या, "लाव बरं पाय. पाह्यू काय होते." त्यांनी चादर बाजूला केली आणि आपल्या बारीक झालेल्या पायावर चापट मारली. "आता त तू लाथ जरी मारली तरी मले समजनार नाही." आई रडायला लागली. अक्का तिलाच समजावत बसल्या. त्या त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. मला त्यांनी कधीही बोल लावला नाही. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, त्या पोरीच्या पायात गुण होता, तिचा पाय होता तोवर मी चालत होते.

हे सगळ्यात वाईट. कारण त्या सांगायच्या त्याचा कॉलनीत अर्थ उलटा झाला. पाय बंद झाला म्हणून अक्का बसल्या, असं बायका बोलायला लागल्या. आबांच्या पाठीमागे.

तेव्हापासून मी एकच हिशोब मनाशी मांडते आणि तो कधी सुटत नाही. माझ्या पायात शक्ती होती असं धरलं, तर मी ती वाया घालवली. नव्हती असं धरलं, तर मला लागली ती साधी गाठ होती, कुणाच्याही बोटाला लागली असती, आणि मी ती लपवली. यात अतींद्रिय काहीच नव्हतं. त्वचा हे पाच इंद्रियांतलं एक, सहावीच्या पुस्तकात आहे. आमच्या घरात एक जण त्याला शक्ती म्हणायला तयार होती आणि एक जण त्याला थोतांड म्हणाला. मुलीच्या अंगठ्याला गाठ लागली, इतकं साधं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. वर्गात मी त्वचेचा भाग नेहमी घाईत संपवते. मुलांच्या लक्षात येत नाही.

आबांशी मी पुढे सगळं बोलले. माझं लग्न, माझी धुळ्याची नोकरी, आईचं आजारपण, तिची शेवटची वंदना. हे मात्र नाही. त्यांच्या मनात ते आहे की नाही, हेच मला माहीत नव्हतं. कधी वाटायचं, विसरले. मग मला त्यांचा राग यायचा. मग कधी वाटायचं, विसरले नाहीत. मग कीव यायची, आणि ती रागापेक्षा जड जायची.

आई गेल्यापासून आबा जळगावात आपल्या छोट्या घरात एकटे राहतात. स्वयंपाकाला एक ताई येतात. मी शनिवारी शाळा सुटली की बस धरते, पारोळा, एरंडोल करत उन्हं कलताना पोचते आणि रविवारी परतते. गेली चार वर्षं असं चाललं आहे. या वर्षी उन्हाळा सरता सरता आबांची पाठ दुखायला लागली. गोळ्या झाल्या, एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, एमआरआय करून घेऊ, शंका नको. आबा म्हणाले, "त्या नळकांड्यात मी जाणार नाही. आयुष्यभर बॉयलरशेजारी काम केलं, आता मला भोकात घालू नका." तीन आठवडे मी हात जोडत होते. मला त्यांच्या पाठीच्या नावानेच धडकी भरत होती. पाठ म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नाही.

पुढे सांगून टाकते, की त्यांना झालेलं काही मोठं नव्हतं. ते नळकांड्यात गेले आणि वयाची झीज निघाली. पण ते सोमवारी. मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं, रविवारच्या सकाळचं.

मी चहाला आधण ठेवत होते. आबा भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हातात घडी केलेली सतरंजी. म्हणाले, "गॅस बंद कर. तू अजून काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही. का?"

त्यांनी सतरंजी उंबऱ्यावर टाकली. नवीन घराला उंबरा कसला, एक फरशीची पट्टी आहे. तिथे ते खुर्चीचा आधार घेत गुडघ्यावर बसले आणि कण्हत कण्हत पालथे झाले. तोंड आत, पाय बाहेर. मला काही सुचेना. म्हटलं, "आबा, हे काय करताय? उठा."

"पाय लाव," ते म्हणाले.

"तुमचा विश्वास नाही यावर."

"नाहीच आहे. लाव."

"मी तुम्हाला पाय लावू? आबा, नका हो असं."

"इतक्या लोकांना लावलास. शिंदखेड्याला रानसुद्धा तुडवून आलीस." तोंड फरशीकडे असल्यामुळे त्यांचा आवाज दबलेला येत होता. "उसण घालवायला नाही सांगत. तुझ्या पायाला काय लागतं ते मला सांग. मी ऐकतोय."

मग मला कळलं. मी ओट्याला धरून उभी राहिले. चप्पल काढली. आईची सवय म्हणून पाय नळाखाली धुतला, पुसला. त्यांचा बनियन घामाने पाठीला चिकटला होता. मी डावा अंगठा हळूच मानेखाली टेकवला.

"हाडं लागतायत," मी म्हटलं. "तुम्ही जेवत नाही नीट."

"पुढे."

मी खाली सरकत गेले. एकेक मणका. वर्गात सांगते तसं सांगत होते, पण वर्गात माझा आवाज असा फुटत नाही. "इथे काही नाही. इथेही नाही. इथे स्नायू कडक आहे, उजवीकडे. दुखतं?"

"दुखतं. पुढे."

"इथे गरम नाही. गाठ नाही. आबा, मला काही लागत नाहीये. पण माझ्या पायावर जाऊ नका. उद्या एमआरआय करायचा."

"करू," ते म्हणाले. इतक्या सहज, की मला आधी ऐकूच आलं नाही. मी पाय उचलायला लागले तर म्हणाले, "थांब."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. तो कोपऱ्यावरून वळला. आबा म्हणाले, "अक्कांना कुठे लागलं होतं?"

मी अंगठा वर नेला. दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकवला.

"इथे."

"केवढं होतं?"

"सुपारीएवढं. टणक. जागा गरम होती."

"तू मला सांगितलं होतंस."

"हो."

"नीट सांगितलं होतंस," आबा म्हणाले. "मीच..." त्यांची पाठ माझ्या पायाखाली हलत होती. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही. तोंड खाली होतं. फक्त पायाला कळत होतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "काढू का पाय?"

"राहू दे," आबा म्हणाले.